झुंजीचा निकाल सांगता, मग अटीही सांगा

प्रति,
लढाऊ विमानांवर कार्यक्रम, व्हिडिओ आणि लेख करणारे सर्व संपादक, निवेदक आणि विश्लेषक

स. न. वि. वि.

मी तुमचा जुना आणि चिकट प्रेक्षक. विमानांवरचं काहीही लागलं की माझा हात रिमोटवरून निघतो, तेवढ्या हक्काने हे पत्र लिहितो आहे. तक्रार एकाच विषयाची आहे: स्टेल्थ विमानं, म्हणजे रडारला सहजी सापडू नयेत अशी बांधलेली, आणि जवळून होणारी हवाई झुंज, म्हणजे आपण सगळे जिला सरसकट डॉगफाइट म्हणतो ती. या विषयावर तुमच्याकडे दोनच पाट्या तयार असतात. एक, ‘अब्जावधींचं स्टेल्थ विमान डॉगफाइटमध्ये चारीमुंड्या चीत’. दुसरी, ‘डॉगफाइटचा जमाना संपला, आता शत्रू दिसायच्या आधीच खलास’. कधीकधी एकाच निवेदकाच्या तोंडून आठवडाभरात दोन्ही ऐकायला मिळतात, आणि त्याला स्वतःला त्यात काही खटकत नाही. मला खटकतं. कारण तुम्ही ज्या ठसक्यात सांगता, त्या ठसक्यात या दोन्ही पाट्या खोट्या आहेत.

पहिल्या पाटीचा लाडका पुरावा म्हणजे २०१२ साली अलास्कात झालेला ‘रेड फ्लॅग’ सराव. जर्मन हवाई दलाची युरोफायटर टायफून विमानं तिथे गेली होती आणि अमेरिकेच्या एफ-२२ रॅप्टर या स्टेल्थ विमानांबरोबर त्यांच्या एकास एक झुंजी झाल्या. नंतर एक जर्मन वैमानिक मजेत म्हणाला की आम्ही जेवणात रॅप्टरचं सॅलड खाल्लं. टायफूनच्या अंगावर रॅप्टरची छोटी आकृती रंगवल्याचे फोटोही फिरले. इथपर्यंत सगळं खरं आहे आणि त्या वैमानिकांचं कौतुक व्हायलाच हवं.

पण त्या झुंजी सुरू कशा झाल्या होत्या? दोन्ही विमानं एकमेकांना डोळ्यांनी दिसत असताना. म्हणजे एफ-२२ ज्या गोष्टीसाठी बांधलं गेलं, ती, लांबून न दिसण्याची, खेळ सुरू व्हायच्या आधीच बाजूला काढून ठेवली होती. टायफूनने इंधनाच्या बाहेरच्या टाक्या उतरवल्या होत्या, त्यामुळे ते हलकं आणि चपळ होतं. लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं, कित्येक किलोमीटरवरून आधी दिसण्याचा फायदा, आवाजापेक्षा जास्त वेगात आफ्टरबर्नरशिवाय (म्हणजे झोतात जादा इंधन न जाळता) उडण्याची ताकद, हे सगळं त्या चौकटीबाहेर. अशा सरावाचा हेतू वैमानिकाला विमान शेवटच्या टोकापर्यंत कसं ताणायचं ते शिकवण्याचा असतो. दोन विमानांची कुस्ती लावून विजेता जाहीर करण्याचा नसतो. आणि हो, त्याच जर्मन वैमानिकांनी हेही सांगितलं होतं की दूरच्या लढाईत रॅप्टरच्या क्षमतेपुढे निभाव लागणं कठीण. हे वाक्य मी आजवर एकाही कार्यक्रमात ऐकलेलं नाही. सॅलड मात्र दर वर्षी ताटात येतं.

२००९ साली संयुक्त अरब अमिरातीत झालेल्या सरावाचंही तेच. फ्रान्सच्या राफेलच्या समोरच्या काचेवरच्या दर्शकात रॅप्टर सापडल्याची काही सेकंदांची चित्रफीत नंतर बाहेर आली. फ्रेंच आणि अमेरिकन बाजूंनी त्या झुंजींचे जे निकाल सांगितले, ते एकमेकांशी जुळत नाहीत. तुम्ही मात्र ती चित्रफीत पार्श्वसंगीत लावून, लाल वर्तुळ काढून, पुन्हा पुन्हा दाखवता. त्या सेकंदांच्या आधी काय झालं आणि नंतर काय झालं, हे त्या तुकड्यावरून तुम्हालाही कळत नाही आणि मलाही नाही.

अलास्कातून शिकण्यासारखं काही नव्हतं का? होतं, आणि ते तुमच्या पाटीपेक्षा कितीतरी रंजक आहे. एफ-२२ च्या दोन्ही इंजिनांची तोंडं २० अंशांपर्यंत वर-खाली वळतात. यालाच थ्रस्ट व्हेक्टरिंग म्हणतात. पंखांनी हवेची पकड सोडली तरी इंजिनाच्या झोतावर विमानाचं नाक हवं तिकडे फिरवता येतं. विमान पुढे एका दिशेला सरकतंय आणि नाक भलतीकडे रोखलंय, असं दृश्य एअर शोमध्ये पाहून आपण टाळ्या वाजवतो. झुंजीत मात्र याची किंमत मोजावी लागते. उंची आणि वेग ही वैमानिकाची पुंजी असते. नाक असं झटक्यात वळवलं की ती पुंजी काही क्षणांत उडते. पहिला वार लागला तर उत्तम. चुकला, तर मागे उरतं एक जड, संथ, खाली खचत जाणारं विमान, आणि समोरचा अजून वेगात असतो. टायफूनच्या वैमानिकांनी नेमकं हेच हेरलं. रॅप्टरच्या अगदी जवळ जायचं, तिथेच चिकटून राहायचं आणि तो खचायची वाट बघायची.

ही पुंजीची भाषा माझी नाही. १९६० च्या दशकात अमेरिकन हवाई दलातले जॉन बॉइड आणि गणितज्ञ थॉमस क्रिस्टी यांनी तिला समीकरणांत बसवलं: कोणत्या उंचीवर, कोणत्या वेगात, किती कडक वळण घेतलं तर विमानाकडे किती जादा ऊर्जा उरते, याचा हिशोब. तेव्हापासून झुंजीची चर्चा करताना दोन वळणं वेगळी मोजतात. एक, क्षणभरासाठी मारता येणारं कडक वळण. दुसरं, वेग न गमावता सतत घेत राहता येणारं वळण. पहिल्यात नाक पटकन वळवता येणारी विमानं सरस, दुसऱ्यात हलकी आणि दमदार इंजिनाची विमानं. ‘हे विमान त्या विमानापेक्षा चपळ आहे’ असं तुम्ही म्हणता तेव्हा यातल्या कोणत्या वळणाबद्दल बोलताय, एवढं तरी सांगत जा.

एक साधा हिशोब करून बघा. ताशी ७२० किलोमीटर वेगाने जाणारं विमान ७ जी चं वळण घेतं तेव्हा त्याच्या वर्तुळाची त्रिज्या सुमारे ६०० मीटर असते आणि एक पूर्ण फेरी साधारण १८ सेकंदांत होते. या १८ सेकंदांत आतल्या माणसाचं वजन सातपट झालेलं असतं. पोट आणि मांड्या आवळून, दातओठ खात, रक्त डोक्यात टिकवून ठेवत त्याला मान मागे वळवून शत्रूवर नजर ठेवायची असते. नजर सुटली की झुंज गेली. विमानांच्या तुलनेचे तुमचे ते रंगीत तक्ते असतात ना, त्यांत या मानेचा रकाना नसतो.

आणि मानेवरून मी अमेरिकेच्याच एफ-३५ या स्टेल्थ विमानावर येतो, कारण तुमच्या पहिल्या पाटीचा दुसरा पाय तिथे रोवलेला आहे.

जानेवारी २०१५ मध्ये एफ-३५ चं एक चाचणी विमान आणि जुन्या पिढीतलं दोन आसनी एफ-१६ यांच्यात झुंजीसारख्या हालचाली करून पाहिल्या गेल्या. एफ-१६ ला इंधनाच्या दोन टाक्याही लटकवलेल्या होत्या. चाचणी वैमानिकाचा अहवाल त्याच वर्षी उन्हाळ्यात फुटला आणि जगभर बोंब झाली. अहवाल खरंच कठोर होता. एफ-३५ ऊर्जेच्या बाबतीत सतत मागे पडत होतं. हेल्मेट इतकं मोठं होतं की छताच्या आतल्या जागेत मागे वळून नीट बघता येत नव्हतं. प्रकल्प कार्यालयाने लगेच खुलासा केला: हे सुरुवातीच्या काळातलं विमान, त्यात अद्ययावत संवेदक नाहीत, स्टेल्थचा लेप नाही, शस्त्रं वापरण्याची सॉफ्टवेअर नाहीत, आणि चाचणी मुळात विमानाचं नाक हवेच्या प्रवाहाशी मोठा कोन करून उचललं असताना नियंत्रण कसं राहतं, हे तपासण्यासाठी होती.

तुमच्यातल्या अर्ध्यांनी अहवाल पकडला, अर्ध्यांनी खुलासा. माझ्या मते दोन्हीकडचं खरं होतं आणि दोन्हीकडून सोयीचं तेवढंच सांगितलं गेलं. संवेदक नसण्याचा आणि वळताना ऊर्जा कमी पडण्याचा संबंध नाही. रडार बसवल्याने विमान हलकं होत नाही. एफ-३५ए रिकामं असतानाच १३ टनांच्या आसपास भरतं, पोटात ८ टनांहून जास्त इंधन आणि शस्त्रांची कोठारं घेऊन फिरतं, आणि हे सगळं ओढायला एकच इंजिन. ते इंजिन कितीही बलदंड असलं तरी भौतिकशास्त्र सवलत देत नाही. पण त्याच अहवालात वैमानिकाने हेही सुचवलं होतं की नियंत्रणाची सॉफ्टवेअर जरा मोकळी सोडा, मोठ्या कोनात नाक वळवण्याची या विमानाची ताकद दाबली जाते आहे. हे कोणी वाचलंच नाही. २०१६ मध्ये नॉर्वेचे वैमानिक मोर्टेन हांके यांनी, एफ-१६ वर बरीच वर्षं काढल्यानंतर एफ-३५ उडवून, आपला अनुभव जाहीरपणे लिहिला. त्यांचा सूर वेगळा होता. हे विमान नाक पटकन उचलतं, झपाट्याने वेग कमी करतं, त्यामुळे मागून येणाऱ्याला पुढे ढकलता येतं आणि आक्रमक राहता येतं. मागे बघण्यासाठी शरीर वळवायची नवी पद्धत शिकावी लागते, हेही त्यांनी मान्य केलं. म्हणजे एफ-३५ ला एफ-१६ सारखं उडवलं तर ते हरणारच. त्याची झुंजायची रीत वेगळी आहे.

हेल्मेटचं मात्र मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. विमानाभोवती सहा इन्फ्रारेड कॅमेरे आहेत, त्यांचं चित्र हेल्मेटच्या काचेवर येतं, वैमानिकाला स्वतःच्या आसनाखालून पलीकडची जमीन दिसते. अद्भुत आहे. पण सव्वादोन किलोच्या आसपासचं हे शिरस्त्राण ९ जी च्या वळणात मानेला २० किलोंचं वाटतं. कॅमेऱ्यातून दिसणं आणि डोळ्यांनी दिसणं यातही फरक असतो. लांबचा ठिपका कोणत्या बाजूला झुकतोय, त्याने नाक आपल्याकडे वळवलंय का, हे अजून तरी माणसाचा डोळाच चांगलं ओळखतो.

आता स्टेल्थ म्हणजे नेमकं काय मिळतं, हे थोडक्यात. रडारला विमान किती लांबून दिसेल, हे त्याच्या परावर्तन क्षेत्राच्या, म्हणजे रडारच्या लहरी ते किती परत फेकतं त्या मापाच्या, चौथ्या मुळावर ठरतं. म्हणजे परावर्तन १० हजार पट कमी केलं तर दिसण्याचं अंतर १० पटच घटतं. जे रडार साधं विमान २०० किलोमीटरवर पकडतं, त्याला हे २० किलोमीटरवर दिसेल. अदृश्य वगैरे काही नाही. त्यातही हा लाभ सगळ्यात जास्त समोरून मिळतो. बाजूने आणि मागून कमी, आणि झुंजीत विमान सगळ्या बाजू दाखवत गरागरा फिरतं. शिवाय इंजिनाची धग आणि वेगामुळे तापलेली कातडी इन्फ्रारेड संवेदकाला दिसतातच. एकदा दोन्ही वैमानिकांनी एकमेकांना डोळ्यांनी पाहिलं, की हा लाभ फारसा उपयोगाचा राहत नाही. शांतताकाळातल्या उड्डाणांत तर ही विमानं मुद्दाम रडार परावर्तक लावून फिरतात, म्हणून ‘अमुक देशाच्या रडारने स्टेल्थ विमान पकडलं’ ही बातमी देताना जरा दम धरा.

जवळच्या झुंजीच्या दृष्टीने स्टेल्थची खरी अडचण मला दिसते ती विमानाच्या पोटात. तिच्यावर तुम्ही कधी पाच मिनिटंही खर्च करत नाही. परावर्तन कमी ठेवायचं तर क्षेपणास्त्रं आत, दरवाजाआड लपवावी लागतात. रडारच्या मार्गदर्शनावर जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचं ठीक आहे. दार उघडायचं, ते खाली ढकलायचं, बाहेर पडल्यावर ते आपलं लक्ष्य शोधतं. पण उष्णतेचा माग काढणाऱ्या जवळच्या क्षेपणास्त्राला सुटण्यापूर्वी सहसा स्वतःच्या ‘डोळ्याने’ शत्रू दिसावा लागतो. आता दाराआड बसून ते काय बघणार?

या एका कोड्याची तीन देशांनी काढलेली उत्तरं बघा. एफ-२२ च्या दोन्ही कुशींत एकेक लहान कोठार आहे. दार उघडतं, एक सांगाडा साइडवाइंडर क्षेपणास्त्राला वाऱ्यात बाहेर ढकलतो, ते लक्ष्य पकडतं आणि सुटतं. तोवर दार उघडं, म्हणजे रडारला झगमगाट. चीनच्या जे-२० ने यावर एक पाऊल पुढे टाकलं. तिथे पीएल-१० क्षेपणास्त्र रुळासकट बाहेर येतं आणि त्याच्यामागे दार पुन्हा बंद होतं, क्षेपणास्त्र बाहेर वाट बघत राहू शकतं. रशियाच्या सु-५७ च्या पंखांच्या मुळाशी जवळच्या क्षेपणास्त्रांसाठी वेगळे लांबट कप्पे आहेत. आणि एफ-३५? त्याने हे कोडं सोडवलंच नाही. त्याच्या पोटात साइडवाइंडर जातच नाही. हवं असेल तर पंखाखाली लटकवा आणि स्टेल्थचा काही हिस्सा सोडा. नाहीतर आतल्या चार लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर भागवा.

या निवडींत प्रत्येक देशाचा भविष्याचा अंदाज लिहिलेला आहे. ज्याने बाजूच्या कप्प्यासाठी जागा आणि वजन खर्च केलं, त्याला जवळ जावं लागेल असं वाटत होतं. ज्याने केलं नाही, त्याला ती वेळ क्वचित येईल असं वाटलं. तोफेचंही तसंच. एफ-२२ मध्ये २० मिलिमीटर तोफेच्या ४८० गोळ्या असतात. पूर्ण वेगाने झाडल्या तर पाच सेकंदही पुरत नाहीत. एफ-३५ए मध्ये २५ मिलिमीटरच्या १८० च्या आसपास, म्हणजे साधारण सव्वातीन सेकंद. त्याच तोफेची अचूकता स्वीकारण्याजोगी नाही, असा शेरा अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्याच चाचणी विभागाने जानेवारी २०२० च्या अहवालात मारला होता. एफ-३५ च्या नौदलाच्या आणि उभ्याने उतरणाऱ्या आवृत्त्यांत तर तोफ आत नाहीच, लागली तर पोटाखाली वेगळी पेटी लावायची.

हे वाचून कोणी म्हणेल, बघा, तोफ आणि साइडवाइंडर काढलं म्हणजे झुंज संपलीच. ही झाली तुमची दुसरी पाटी.

ती पहिल्यांदा लावली गेली साठ वर्षांपूर्वी. अमेरिकेचं एफ-४ फँटम आलं तेव्हा त्यात तोफच नव्हती. क्षेपणास्त्रं आली, आता कोण जवळ जातंय, असा सगळा नूर. व्हिएतनाममध्ये काय झालं? समोरचं विमान शत्रूचंच आहे हे बहुतेक वेळा डोळ्यांनी खात्री करूनच मारायचं, असा नियम होता. त्यामुळे लांबून मारायचं क्षेपणास्त्र घेऊन वैमानिकाला जवळ जावं लागायचं, आणि तिथे समोर असायचं हलकं, तुरुतुरु वळणारं मिग-१७. सुरुवातीच्या वर्षांत झाडलेल्या दहा स्पॅरो क्षेपणास्त्रांपैकी जेमतेम एखादं लागायचं. हवाई दलाने शेवटी एफ-४ई मध्ये तोफ बसवली. नौदलाने मात्र आपल्या फँटममध्ये तोफ बसवलीच नाही. त्यांनी १९६९ मध्ये टॉपगन शाळा काढली आणि वैमानिकांना झुंजायला शिकवलं. गमावलेल्या एका अमेरिकन विमानामागे चार मिगही पडत नव्हते, ते प्रमाण १९७२ मध्ये बारा-तेराच्या घरात गेलं. तोफेचा महिमा गाणाऱ्यांनी नौदलाची ही अर्धी गोष्टही सांगायला हवी, पण ती सांगितली की गोष्ट सरळ राहत नाही, म्हणून गाळतात.

तंत्र सुधारलं, क्षेपणास्त्रं आता तशी नाहीत, हे मान्य. पण जवळ जायला लावणारी कारणं गेलेली नाहीत. मार्च २०१३ मध्ये इराणचं एक फँटम आखाताजवळ अमेरिकेच्या प्रीडेटर ड्रोनच्या मागे लागलं. संरक्षणाला एफ-२२ होतं. लांबून क्षेपणास्त्र मारायचा प्रश्नच नव्हता, कारण युद्ध चालू नव्हतं. तो वैमानिक फँटमच्या पोटाखाली गेला, त्याच्या पंखांखाली कोणती शस्त्रं लटकलीत ते खालून बघून घेतलं, मग त्याच्या डाव्या पंखाशेजारी वर आला आणि रेडिओवरून त्याला घरी जायला सांगितलं. वरच्याला तोवर पत्ताच नव्हता. अमेरिकन हवाई दलाचे तेव्हाचे प्रमुख जनरल मार्क वेल्श यांनी स्वतः ही हकिकत सांगितली. एवढ्या अंतरात समोरचा बिथरला असता, तर परावर्तन क्षेत्र किती शून्यांचं आहे, याने काय फरक पडला असता?

जून २०१७ मध्ये सीरियात अमेरिकन नौदलाच्या सुपर हॉर्नेट विमानाने सीरियाचं एक सु-२२ पाडलं, तेही नजरेच्या टप्प्यात, आधी इशारे देऊन. पहिलं साइडवाइंडर झाडलं, तेही अगदी नवं एआयएम-९एक्स, आणि ते चुकलं. दुसरं, लांब पल्ल्याचं अ‍ॅमराम झाडलं, ते लागलं. ‘जवळ आलं की जवळचं क्षेपणास्त्रच कामाचं’ आणि ‘आधुनिक क्षेपणास्त्र चुकत नाही’, दोन्ही समज एकाच दिवशी मोडीत निघाले. आणि २००५ मध्ये सेवेत आलेल्या एफ-२२ ने हवेत पहिली शिकार केली ती थेट फेब्रुवारी २०२३ मध्ये: एक चिनी फुगा, तोही साइडवाइंडरने. जगातलं सगळ्यात धाकाचं हवाई वर्चस्वाचं विमान, आणि पहिला बळी फुगा. यावर तुम्ही विनोद केलेत, मीही हसलो. पण त्या विमानाला हे नवं साइडवाइंडर वापरायची सोय २०१६ च्या सुमारास मिळाली, आणि जुन्या एफ-१५, एफ-१६ च्या वैमानिकांकडे ते क्षेपणास्त्र आणि त्याला नजरेने रोखायचं हेल्मेट कितीतरी आधीपासून होतं, हा विनोद कोणी केला नाही. तो जास्त बोचरा होता.

नजरेने रोखायचं हेल्मेट ही गोष्ट हलकी नाही. सोव्हिएत संघाने १९८० च्या दशकात मिग-२९ ला आर-७३ क्षेपणास्त्र आणि हेल्मेटवरचं नेमदर्शक दिलं. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व जर्मनीची मिग-२९ पश्चिमेच्या हाती लागली, सराव झाले, आणि आपण जवळच्या झुंजीत किती मागे आहोत ते पाश्चात्त्य हवाई दलांना कळलं. नाक वळवायची गरजच नाही, मान वळवा आणि झाडा. आजची अशी क्षेपणास्त्रं जवळजवळ काटकोनात वळून मारतात. त्यामुळे आता नजरेच्या टप्प्यात दोघेही शिरले, तर दोघेही एकमेकांना मारू शकतात. कोणाचं विमान किती चपळ, याला पूर्वीइतका अर्थ उरत नाही. वळून पळायचं म्हटलं तर पाठ दाखवावी लागते, आणि पाठीमागे इंजिनाची धग. म्हणून शहाणा वैमानिक तिथे जाणंच टाळतो.

टाळण्याचं हे शहाणपण नवं नाही. इतिहासात सगळ्यात जास्त, ३५२ विमानं पाडणारा जर्मन वैमानिक एरिक हार्टमान गोल गोल फिरत झुंजायच्या भानगडीत शक्यतो पडत नसे. बघायचं, ठरवायचं, अगदी जवळ जाऊन मारायचं आणि निघून जायचं. बेसावध शत्रूवर झडप, हाच त्याचा गनिमी कावा. स्टेल्थ विमान त्याच परंपरेतलं आहे. डॉगफाइटमध्ये ते कमी पडतं म्हणून त्याला नावं ठेवणं म्हणजे घात लावून बसलेल्याला ‘मैदानात ये’ म्हणून चिडवणं. पण घात उघडा पडतो, क्षेपणास्त्रं चारच असतात, शत्रू आठ असतात, नियम डोळ्यांनी खात्री करायला लावतात. तेव्हा मैदानात उतरावंच लागतं, आणि त्या दिवसासाठी वळण, मान, तोफ आणि सराव लागतो. डॉगफाइट मेली म्हणणाऱ्यांनी जगातली हवाई दलं अजूनही त्या सरावावर इतकं महागडं इंधन का जाळतात, याचं उत्तर द्यावं.

तर माझी मागणी. पुढच्या वेळी ‘अमुकने तमुकला डॉगफाइटमध्ये पाडलं’ अशी बातमी लावाल, तेव्हा पडद्याच्या तळाशी तुमची ती धावती पट्टी असतेच, तिच्यात अटी लिहा. झुंज किती अंतरावरून सुरू झाली, कोणी कोणाच्या पाठीशी सुरुवात केली, कोणाच्या टाक्या लटकलेल्या होत्या, कोणती क्षेपणास्त्रं वापरायची परवानगी होती, ‘पाडलं’ हे ठरवलं कोणी. यातलं काही ठाऊक नसेल, तर ‘अटी जाहीर नाहीत’ एवढं लिहा. त्याने बातमीची धार थोडी बोथट होईल, होऊ द्या. निवृत्त वैमानिक पाहुणे म्हणून बोलवता, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांना ‘कोण जिंकेल, हे की ते?’ असं विचारून त्यांच्यावर अन्याय करू नका. ते बिचारे ‘परिस्थितीवर अवलंबून आहे’ म्हणतात आणि तुम्ही त्यांना मध्येच तोडून जाहिरातीला जाता. त्यांना विचारा की मान वळवताना काय होतं, इंधन किती उरल्यावर झुंज सोडायची असते, समोरचा नजरेआड झाला तर पहिले दोन सेकंद काय करायचं. ते तासभर बोलतील आणि आम्ही तासभर हलणार नाही.

आणि शेवटचं, फारच प्राथमिक. संगणकावरच्या उड्डाणाच्या खेळातली दृश्यं ‘प्रत्यक्ष चित्रण’ म्हणून दाखवणं बंद करा. पोटातून तोफ झाडणारं जे-२० मी तुमच्याच पडद्यावर पाहिलं आहे. त्या विमानात तोफ असल्याचं आजवर कुठे दिसलेलं नाही.

कळावे,
आपला नियमित प्रेक्षक